एका किलोचे अंतर

क्रीडास्पर्धेत तिसरा येणारा आणि चौथा येणारा यांच्यामधील अंतर खरोखर किती असते? घड्याळात ते सेकंदाच्या एखाद्या अंशाचे असेल, काट्यावर एखाद्या किलोचे असेल. पण तिसऱ्याच्या गळ्यात पदक पडते, त्याच्या देशाचा ध्वज वर चढतो, त्याचे नाव ग्रंथात नोंदले जाते. चौथा मात्र आपली पिशवी उचलतो आणि निमूटपणे बाहेर पडतो. शाळेच्या क्रीडादिनी चौथ्या आलेल्या मुलाला घरी नेताना आईवडिलांना जी समजूत घालावी लागते, तिचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

अशाच एका चौथ्या क्रमांकाची ही कहाणी आहे. ती घडली चीनमधील बीजिंग शहरी, 16 ऑगस्ट 2008 रोजी. चौथी आली होती पॅसिफिक महासागरातील सामोआ या द्वीपराष्ट्राची एक तेवीस वर्षांची तरुणी, एले ओपेलोगे. तिचे पदक अवघ्या एका किलोने हुकले. आठ वर्षांनी जगाला कळले की ते हुकलेच नव्हते. ते तिच्यापासून हिरावले गेले होते. या घटनेकडे केवळ खेळाची बातमी म्हणून पाहून चालणार नाही. इतिहासात जे लिहिले जाते ते आणि जे प्रत्यक्ष घडलेले असते ते, या दोहोंत कधी कधी किती अंतर पडते, याचा तो एक बोलका दाखला आहे.

सागरातील एक लहान देश

सामोआची ओळख आपल्याकडे फारशी कुणाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, न्यूझीलंडच्या ईशान्येला, अथांग जलराशीत उपोलू आणि सवाईई ही दोन मोठी बेटे आणि काही लहान बेटे मिळून हा देश झाला आहे. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. राजधानी अपिया, उपोलूच्या उत्तर किनाऱ्यावर. नारळ, केळी, अळूच्या जातीचे तारो नावाचे कंद आणि समुद्राची मासळी, हा तेथील लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार. घर म्हणजे खांबांवर उभारलेले, भिंती नसलेले छप्पर. त्याला ते 'फाले' म्हणतात. तेथे माणूस एकटा नसतोच. 'आइगा' म्हणजे विस्तारित कुटुंब, आणि 'मताई' म्हणजे त्या कुटुंबाचा उपाधीधारी प्रमुख, या दोन शब्दांभोवती तेथील सारे समाजजीवन फिरते.

सामोआ हा धर्मनिष्ठ देश आहे. 1830 साली लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मप्रसारक तेथे पोहोचले, तर 1845 साली मॅरिस्ट संघाच्या धर्मगुरूंनी तेथे कॅथलिक श्रद्धेचे बीज पेरले. त्याच भूमीतील पिओ ताओफिनुऊ यांना 1973 साली पोप सहावे पॉल यांनी कार्डिनलपद दिले. पॉलिनेशियातील ते पहिले कार्डिनल. सामोआच्या राजमुद्रेवर जे वचन कोरले आहे त्याचा अर्थ, सामोआ ईश्वराच्या पायावर उभा आहे, असा होतो. अनेक गावांत आजही सायंप्रार्थनेची घंटा वा शंख वाजला की रस्त्यावरची वर्दळ थांबते आणि कुटुंबे एकत्र बसतात.

परंतु या शांत बेटांनी फार सोसले आहे. 1900 साली जर्मनीने त्यांच्यावर सत्ता स्थापिली. 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच न्यूझीलंडच्या सैन्याने ती ताब्यात घेतली. 1918 च्या नोव्हेंबरात 'टालुने' नावाच्या जहाजावरून इन्फ्लुएन्झाची साथ अपियाच्या बंदरात उतरली. जहाजावर आजारी माणसे असूनही अधिकाऱ्यांनी ते अडविले नाही, आणि काही आठवड्यांत देशाच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा मृत्युमुखी पडला. त्यानंतर 'माऊ' नावाची अहिंसक स्वातंत्र्यचळवळ उभी राहिली. 28 डिसेंबर 1929 रोजी अपियाच्या रस्त्यावर शांततेने निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे प्राणास मुकले. मरतेवेळी त्यांनी आपल्या लोकांना सूड न घेण्याची विनवणी केली होती.

1 जानेवारी 1962 रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. 1997 पासून तो नुसता सामोआ म्हणवू लागला. आणि 2002 साली, स्वातंत्र्याच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी, न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी अपियात येऊन साथीबद्दल आणि त्या गोळीबाराबद्दल सामोआच्या जनतेची क्षमा मागितली. गोळीबाराला तोवर त्र्याहत्तर वर्षे होत आली होती. उशिराने येणाऱ्या न्यायाची ओळख या देशाला अशी जुनीच आहे. पुढे एलेच्या बाबतीत जे घडले, ते वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात असू द्यावी.

बळ आपले, ध्वज परक्याचा

सामोअन माणूस मूळचाच धिप्पाड आणि बळकट. रग्बी हा त्यांचा जीव की प्राण. 1991 च्या रग्बी विश्वचषकात या चिमुकल्या देशाने वेल्ससारख्या बलाढ्य संघाला त्याच्याच कार्डिफ शहरी 16-13 असे हरविले, तेव्हा सारे क्रीडाजगत थक्क झाले होते.

ऑलिंपिकमध्ये मात्र वेगळेच घडत होते. सामोआने पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये भाग घेतला तो 1984 साली, लॉस एंजेलिस येथे. पण देश लहान, साधने अपुरी, आणि चांगले शिक्षण वा रोजगार मिळविण्यासाठी हजारो कुटुंबे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे जाऊन स्थायिक झालेली. त्यामुळे सामोअन रक्ताच्या खेळाडूंची पदके दुसऱ्याच देशांच्या खात्यावर जमा होत. डेव्हिड तुआ हा मुष्टियोद्धा जन्मला सामोआत, पण 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील त्याचे कांस्यपदक न्यूझीलंडचे. थाळीफेकीत 1997 साली जगज्जेती ठरलेली बिएट्रिस फाउमुइना सामोअन वंशाची, पण तिच्या गणवेशाचा रंग न्यूझीलंडचा काळा. अमेरिकेचा महान सूरपटू ग्रेग लुगॅनिस याच्या धमन्यांतही सामोअन रक्त होते.

याचा दोष कुणाला देता येत नाही. पोटासाठी परदेशी जाणे काय असते, हे आपल्याही समाजाला चांगले ठाऊक आहे. परंतु आपल्या निळ्या चौकोनातील पाच पांढऱ्या ताऱ्यांचा लाल ध्वज एकदा तरी ऑलिंपिकच्या खांबावर चढावा, ही त्या देशाची आस किती तीव्र असेल, हे यावरून समजून घ्यावे.

लोखंडाशी झुंज

भारोत्तोलन हा या आशेला पूर्ण करू शकेल असा खेळ होता. त्याला गवताचे विस्तीर्ण मैदान लागत नाही की महागडा तरणतलाव लागत नाही. एक छप्पर, लाकडी चौथरा, लोखंडी दांडी, वजनाच्या चकत्या आणि कठोर गुरू एवढे असले की पुरे. सामोआला असा गुरू लाभला तो जेरी वॉलवर्क यांच्या रूपाने. 'तुआओपेपे' ही मताईची उपाधी त्यांच्या नावामागे लागते. त्यांच्या तालमीत सामोआच्या भारोत्तोलकांची एक अख्खी पिढी घडली.

या खेळाची रीत थोडक्यात अशी. प्रत्येक स्पर्धकाला दोन प्रकारांनी वजन उचलायचे असते. पहिला प्रकार 'स्नॅच'. त्यात जमिनीवरची दांडी एकाच झेपेत थेट डोक्यावर न्यायची. दुसरा 'क्लीन अँड जर्क'. त्यात आधी दांडी खांद्यांपर्यंत आणायची, क्षणभर स्थिरावायचे आणि मग वर ढकलायची. दोन्ही प्रकारांत प्रत्येकी तीन संधी. तीन पंच बसलेले असतात. त्यांतील निदान दोघांनी पांढरा दिवा लावला तरच उचल ग्राह्य. दोन्ही प्रकारांतील उत्तम उचलींची बेरीज ज्याची सर्वांत जास्त, तो विजयी.

स्त्रियांना या खेळात ऑलिंपिकचे दार उघडले ते फार उशिरा, 2000 साली सिडनी येथे. त्याच पहिल्या स्पर्धेत आपल्या कर्णम मल्लेश्वरीने 69 किलो वजनगटात एकूण 240 किलो उचलून कांस्यपदक जिंकले आणि ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या दोघींची बेरीज होती प्रत्येकी 242.5 किलो. म्हणजे अडीच किलोंचा फरक! त्या काळी वजन अडीच किलोंच्या पटीतच वाढविले जाई. 2005 पासून नियम बदलला आणि एकेका किलोने वजन वाढविता येऊ लागले. एलेच्या नशिबाचा काटा ज्या एका किलोवर अडकला, तो या नव्या नियमामुळेच शक्य झाला होता.

बीजिंगची स्पर्धा

एले ओपेलोगेचा जन्म 11 जुलै 1985 चा. तिच्या घरात भारोत्तोलन हा जणू कुळाचार. भाऊ न्यूसिला, बहीण मेरी, धाकटा डॉन, सारेच या खेळात उतरले. एलेचा वजनगट होता स्त्रियांचा सर्वांत वरचा, 75 किलोंहून अधिक.

बीजिंगमध्ये या गटाची राणी कोण, याविषयी शंका नव्हतीच. दक्षिण कोरियाच्या जांग मि-रानने स्नॅचमध्ये 140 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 186, असे एकूण 326 किलो उचलून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. इतर साऱ्याजणी तिच्यापासून योजने दूर होत्या. खरी चुरस उरलेल्या दोन पदकांसाठी होती. युक्रेनच्या ओल्हा कोरोब्काने एकूण 277 किलो उचलून रौप्य घेतले. कांस्यपदकासाठी झुंज झाली कझाकस्तानची मारिया ग्राबोवेत्स्काया आणि सामोआची एले यांच्यात.

स्नॅचमध्ये ग्राबोवेत्स्कायाने 120 किलो उचलले, एलेने 119. क्लीन अँड जर्कमध्ये दोघींनीही 150 किलो डोक्यावर तोलून धरले. एकशे पन्नास किलो म्हणजे तांदळाची पन्नास किलोंची तीन पोती! बेरीज झाली: ग्राबोवेत्स्काया 270, एले 269.

एक किलो. वाण्याकडून आपण घरी आणतो ती साखरेची एक पुडी. एवढ्याने सामोआचे पहिले ऑलिंपिक पदक हुकले. ध्वज चढला तो कोरियाचा, युक्रेनचा आणि कझाकस्तानचा. एलेचे नाव निकालपत्रकात चौथ्या ओळीवर छापले गेले आणि पाचव्या ओळीवर नायजेरियाची मरियम उस्मान, एकूण 265 किलो. स्पर्धेचा इतिहास लिहून पूर्ण झाला, असेच साऱ्यांना वाटले.

चौथ्या क्रमांकानंतर

अशा वेळी अनेकजण खेळ सोडून देतात. एलेने तो सोडला नाही.

2009 च्या 29 सप्टेंबर रोजी भूकंपामागोमाग आलेल्या त्सुनामीने उपोलूचा दक्षिण किनारा धुऊन नेला. सामोआत शंभराहून अधिक माणसे दगावली, गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर वर्षभराने, 2010 च्या ऑक्टोबरात, सामोआचा संघ राष्ट्रकुल स्पर्धांसाठी आपल्या दिल्लीत आला. त्या स्पर्धांची आठवण आपल्याकडे गैरव्यवहारांच्या आरोपांमुळे राहिली. पण सामोआसाठी दिल्ली हे आनंदाचे गाव ठरले. याच वजनगटात चार वर्षांपूर्वी मेलबर्नला आपल्या गीता राणीने सुवर्णपदक मिळविले होते. दिल्लीत ते एले ओपेलोगेने जिंकले. तिचा भाऊ न्यूसिला यानेही त्याच स्पर्धेत सुवर्ण पटकाविले. एकाच घरात दोन सुवर्णपदके! भारतीय प्रेक्षकांसमोर सामोआचे राष्ट्रगीत वाजले, तेव्हा बीजिंगच्या जखमेवर थोडी तरी फुंकर पडली असेल.

2012 साली ती लंडन ऑलिंपिकमध्ये उतरली, पण पदक मिळाले नाही. 2014 साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले. सुवर्ण गेले मरियम उस्मानकडे. बीजिंगमध्ये एलेच्या मागे पाचवी आलेली तीच नायजेरियन स्पर्धक. क्रीडांगणात असेच व्हायचे. आज मी पुढे, उद्या तू. या हारजितीत कडवटपणा नसतो, कारण दोघींनीही एकाच मापाने वजन उचललेले असते.

बीजिंगमध्ये मात्र माप एक नव्हते.

कुपीतील साक्ष

ऑलिंपिकच्या वेळी स्पर्धकांच्या लघवीचे व रक्ताचे नमुने घेतले जातात, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच वेळी ते तपासून टाकून दिले जात नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 2004 पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती हे नमुने जपून ठेवते. यामागचा विचार सरळ आहे. फसवणूक करणारा आज तपासनीसाच्या एक पाऊल पुढे असेल, पण विज्ञान थांबत नाही. आज जे दिसत नाही, ते काही वर्षांनी दिसू शकेल. बीजिंगच्या वेळच्या नियमांनुसार ही मुदत आठ वर्षांची होती. पुढे 2015 पासून ती दहा वर्षांची झाली.

शक्तिवर्धक द्रव्यांपैकी एक द्रव्य टुरिनाबॉल या नावाने ओळखले जाते. ते मूळचे पूर्व जर्मनीतील, 1960 च्या दशकातले. त्या देशाच्या राजवटीने ते आपल्या कोवळ्या मुलींनासुद्धा जीवनसत्त्वांच्या गोळ्या म्हणून चारले, आणि त्यांतील कित्येकींनी पुढे आयुष्यभर त्याची फळे भोगली. हे द्रव्य शरीरातून लवकर नाहीसे होते, अशी समजूत होती. म्हणून स्पर्धेच्या काही दिवस आधी ते बंद केले की पकडले जाण्याची भीती नसे. परंतु पुढच्या काळात शास्त्रज्ञांना असे आढळले की, ते शरीरात पचताना मागे जे सूक्ष्म अंश सोडते, त्यांतील काही बराच काळ टिकून राहतात. ते ओळखण्याची नवी रीत सापडली आणि जुन्या कुप्या पुन्हा उघडण्यात आल्या.

आठ वर्षांची मुदत संपत आली असताना, 2016 साली, बीजिंगच्या नमुन्यांची फेरतपासणी झाली. भारोत्तोलनाच्या खेळात तर हाहाकार उडाला. यजमान चीनच्या तीन सुवर्णविजेत्या स्त्रियादेखील त्यात दोषी ठरल्या. आणि 75 किलोंवरील गटात, प्रथम ओल्हा कोरोब्काच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले, मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मारिया ग्राबोवेत्स्कायाही दोषी ठरविली गेली. दोघींचे निकाल रद्द झाले, पदके काढून घेण्यात आली.

चौथ्या ओळीवरचे नाव दुसऱ्या ओळीवर गेले. एले ओपेलोगे कांस्यपदकाची नव्हे, रौप्यपदकाची मानकरी ठरली, आणि पाचवी आलेली मरियम उस्मान कांस्यपदकाची. सामोआच्या इतिहासातील ते पहिले ऑलिंपिक पदक. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत तरी ते त्या देशाचे एकमेव ऑलिंपिक पदक राहिले आहे.

बदललेली नोंदवही

या घटनेने पॅसिफिक द्वीपराष्ट्रांच्या इतिहासाचे एक पानच नव्याने लिहावे लागले. त्या बेटांपैकी पहिले ऑलिंपिक पदक मिळविले ते टोंगाच्या पेआ वोल्फग्राम या मुष्टियोद्ध्याने, 1996 साली अटलांटा येथे. ते रौप्य होते. 2016 च्या ऑगस्टमध्ये रिओ येथे फिजीच्या रग्बी संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा टोंगानंतर फिजी, असाच क्रम साऱ्यांनी मांडला. अवघ्या तीन महिन्यांनी तो चुकीचा ठरला. कारण दरम्यान, 2008 साली, एका स्त्रीने रौप्यपदक जिंकले होते. ते फक्त कुणाला ठाऊक नव्हते, खुद्द तिलाही नव्हते. आज तारखांच्या क्रमाने पाहिले, तर त्या लहान स्वतंत्र द्वीपराष्ट्रांतून ऑलिंपिक पदक मिळविणारी पहिली स्त्री एले ओपेलोगे हीच ठरते.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून शिकण्यासारखे बरेच आहे. नोंदवही म्हणजे सत्य नव्हे. ती सत्याची त्या वेळची प्रत असते, आणि साक्षीपुरावा जपून ठेवला असेल तरच तिची दुरुस्ती होऊ शकते. त्या कुप्या जर फेकून दिल्या गेल्या असत्या, तर एले आजही चौथीच राहिली असती. ज्या खेळांत, ज्या कचेऱ्यांत, ज्या न्यायालयांत असा पुरावा जपला जात नाही, तेथे अशा किती एले चौथ्या क्रमांकावर विसरल्या गेल्या असतील?

काय परत मिळाले, काय नाही

न्याय झाला, असे म्हणून समाधानाने पान मिटून टाकणे सोपे आहे. पण जरा थांबून हिशेब केला पाहिजे.

पदक परत मिळाले. नाव परत मिळाले. परंतु बीजिंगच्या त्या सभागृहात, हजारो प्रेक्षकांसमोर, पदकाच्या चौथऱ्यावर उभे राहण्याचा तो क्षण कुणीही परत देऊ शकत नाही. तेवीस वर्षांची तरुणी त्या चौथऱ्यावर चढली नाही. बातमी आली तेव्हा ती एकतीस वर्षांची झाली होती. त्या आठ वर्षांत ऑलिंपिक पदकविजेती म्हणून जे साहाय्य, जे पुरस्कर्ते, जो सन्मान तिच्या वाट्याला आला असता, त्याची भरपाई कोणत्या खात्यातून करायची? सामोआच्या शाळकरी मुलींना आठ वर्षे जो आदर्श डोळ्यांसमोर दिसला असता, तो दिसला नाही. त्या मुली आता मोठ्या झाल्या. चोरी केवळ एलेच्या घरात झाली नव्हती.

दुर्दैव असे, की ही चोरी एकट्यादुकट्याची नव्हती. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालातून उघड झाले, की या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघात चाळीस दोषी नमुन्यांची प्रकरणे दडपली गेली होती. आपला देशही यातून निर्दोष सुटलेला नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दोन भारतीय भारोत्तोलक स्त्रिया तपासणीत दोषी आढळल्या होत्या. कोवळ्या वयाच्या, गरीब घरांतून आलेल्या खेळाडूंच्या हाती अशा गोळ्या कोण देतो, हा प्रश्न दोषी खेळाडूच्या नावावर बोट ठेवल्याने संपत नाही. म्हणून कोरोब्का आणि ग्राबोवेत्स्काया यांच्याविषयी बोलतानाही निष्ठुर होऊ नये. नियम मोडल्याची शिक्षा त्यांनी भोगली. त्यांच्यामागे उभी असलेली यंत्रणा मात्र बहुतेक वेळा अनामच राहते.

या कहाणीला आणखी एक विलक्षण जोड आहे. बीजिंगची सुवर्णविजेती जांग मि-रान 2012 साली लंडनला उतरली तेव्हा तिचे शरीर दुखापतींनी थकलेले होते. तिने एकूण 289 किलो उचलले आणि ती चौथी आली. शेवटची उचल हुकल्यावर तिने गुडघे टेकले, आपल्या हाताचे चुंबन घेऊन तोच हात दांडीवर ठेवला आणि या खेळाचा निरोप घेतला. पुढे त्या स्पर्धेच्या फेरतपासणीत तिसरी आलेली आर्मेनियाची स्पर्धक दोषी ठरली आणि कांस्यपदक जांगला मिळाले. बीजिंगमध्ये पहिली आलेली आणि चौथी आलेली, या दोघींच्याही वाट्याला अखेर सारखाच अनुभव आला.

अलीकडे अशा खेळाडूंना त्यांची पदके जाहीर समारंभात देण्याची प्रथा सुरू झाली आहे. 2024 साली पॅरिस येथे, आयफेल टॉवरच्या समोर, जुन्या ऑलिंपिकमधील काही वंचित पदकविजेत्यांचा असा सन्मान करण्यात आला. ही चांगली गोष्ट आहे. हरवलेला क्षण त्याने परत येत नाही, परंतु ज्याचे हरवले त्याला ते हरवले होते हे जगाने मान्य करावे, यालाही काही मोल असते. अपियात येऊन क्षमा मागणाऱ्या पंतप्रधानांनी 1929 चे मृत उठविले नाहीत. तरीही सामोआच्या वृद्धांनी ती क्षमायाचना ऐकली, ही घटना लहान नव्हती.

शेवटी मनात राहते ते 269 किलोंचे ते लोखंड. 2008 साली ते जितके जड होते तितकेच ते 2016 साली होते. एका पोलादी दांडीवर जेवढ्या चकत्या चढविल्या होत्या, तेवढ्या एलेने स्वतःच्या बळावर, कुठलीही लबाडी न करता उचलल्या होत्या. निकालपत्रकाने तिला आठ वर्षे चौथी म्हटले, तरी तिची उचल एका ग्रॅमने हलकी झाली नव्हती आणि पुढे दुसरी म्हटले म्हणून ती जडही झाली नाही. बदलली ती केवळ आपली माहिती.

आपल्या घरांतही अशी माणसे असतात. कुणी प्रामाणिकपणे परीक्षा दिली आणि कॉपी करणारा पुढे गेला. कुणी खरा हिशेब ठेवला आणि बढती दुसऱ्याला मिळाली. प्रत्येकाची कुपी कुणी जपून ठेवलेली नसते, आणि प्रत्येकाचा निकाल आठ वर्षांनी बदलत नाही. ते त्यांना खोटे सांगू नये. पण क्रीडादिनाहून रडवेला होऊन परतणाऱ्या मुलाला सामोआच्या या स्त्रीची गोष्ट अवश्य सांगावी. तो चौथा आला असेल, तर आधी त्याला एवढेच विचारावे, की तू जेवढे उचललेस तेवढे तुझे तूच उचललेस ना? तो 'हो' म्हणाला, तर त्याची पाठ थोपटण्यासाठी निकालपत्रकाची वाट पाहू नये.